मँचेस्टरला येताय? नाटक, गाणं, चित्रं, क्रिकेट आणि कापूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणाची मुलगी इथल्या विद्यापीठात शिकते आणि आईवडील तिच्या पदवीदानाला यायचे असतात. कुणी लंडन-पॅरिसच्या सहलीतून दोन दिवस काढलेले असतात, कुणाचा जावई इथे नोकरीला असतो. माणसं बदलतात, प्रश्न तेच. चौदा वर्षं तीच उत्तरं फोनवर दिल्यावर म्हटलं, एकदा लिहूनच काढावीत. उत्तरं माझ्या आवडीनिवडीप्रमाणे आहेत. सगळं गाव यात मावलेलं नाही, आणि नाइटक्लबांबद्दल मला काही विचारू नका.

लंडन बघून झालंय. मग मँचेस्टरला कशाला यायचं?

लंडनला राजवाडे आहेत, इथे गिरण्या होत्या. हे गाव मोठं केलं ते कापसाने. एकोणिसाव्या शतकात त्याला ‘कॉटनोपोलिस’ म्हणायचे, आणि त्या सुताच्या पैशातूनच इथला वाद्यवृंद, ग्रंथालयं आणि चित्रसंग्रह उभे राहिले. पुढे गिरण्या बंद पडल्या, इमारती ओस पडल्या, आणि त्यातल्या काहींमध्ये नाटकं आणि संग्रहालयं शिरली.

परळ-लालबागला ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे गाव वेगळंच दिसतं. आपल्याकडे गिरणीच्या जागेवर मॉल आणि टॉवर आले. इथे सगळं गोडगोड झालं असंही नाही हं. अँकोट्स भागातल्या जुन्या गिरण्यांत आज महागडे फ्लॅट आहेत आणि तिथली कॉफी माझ्याही खिशाला जड जाते. पण बरंच काही सगळ्यांसाठी उघडं राहिलं, आणि त्यातलं बहुतेक मोफत आहे.

लंडनच्या युस्टन स्टेशनवरून मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनला गाडी साधारण सव्वादोन तासांत येते. मुंबई-पुणे धरा.

किती दिवस हवेत?

दोन पूर्ण दिवस आणि एक संध्याकाळ. एका दिवसात उरकायचं असेल तर दोन संग्रहालयं आणि एक नाटक, बस. पाच ठिकाणी पळत जाऊन दाराशी फोटो काढणाऱ्यांना मी हल्ली सल्ला देत नाही.

मोफत काय काय आहे?

मँचेस्टर आर्ट गॅलरी, व्हिटवर्थ गॅलरी, मँचेस्टर म्युझियम, सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम, पीपल्स हिस्टरी म्युझियम, जॉन रायलंड्स ग्रंथालय, सेंट्रल लायब्ररी, शेजारच्या सॅल्फर्डला इम्पीरियल वॉर म्युझियम नॉर्थ आणि चित्रकार लाउरीची चित्रं. या सगळ्यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. खास प्रदर्शनांना कधीकधी असतं. दाराशी देणगीची पेटी असते. टाकावं काहीतरी, नाही टाकलं तर कुणी बघत नाही.

एकच मेख: सोमवारी बऱ्याच गॅलऱ्या बंद असतात, आणि रायलंड्ससारख्या ठिकाणी तर आणखीही दिवस सुट्टी असते. निघायच्या आधी त्या-त्या संकेतस्थळावर वेळ बघा. आमचे एक काका सलग दोन दिवस एकाच बंद दारावर जाऊन आले.

तुम्ही सारखं कापूस-कापूस करता. आम्हाला त्यात काय बघायचंय?

हा प्रश्न मला माझ्या सासऱ्यांनी विचारला होता. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, १९८२च्या संपापर्यंत. इथे आले तेव्हा म्हणाले, ‘आयुष्यभर तेच बघितलं, आता परदेशात येऊन पुन्हा तेच?’ तरी मी त्यांना सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये नेलं.

ही जागा म्हणजे लिव्हरपूल रोड स्टेशन, १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली तेव्हाचं. प्रवासी गाड्यांसाठी बांधलेलं इतकं जुनं स्टेशन जगात दुसरं शिल्लक नाही. आतल्या टेक्स्टाइल्स गॅलरीत जुनी यंत्रं प्रत्यक्ष चालवून दाखवतात. त्या दिवशी समजावणाऱ्या बाईंनी साचा सुरू करण्याआधी सगळ्यांना कानावर हात ठेवायला सांगितलं. सगळ्यांनी ठेवले, सासऱ्यांनी नाही. साचा सुरू झाला, आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटायला लागला, आणि बाबांची नजर यंत्रावरून हलेना. थांबल्यावर म्हणाले, ‘हा एकच आहे. आमच्या खात्यात शेकड्याने होते.’ मग बाईंनी सांगितलं की त्या गोंगाटात लँकेशरच्या, म्हणजे मँचेस्टरभोवतीच्या परगण्यातल्या बायका ओठ मोठमोठे हलवून, आवाज न काढता एकमेकींशी बोलायच्या. त्याला इथे ‘मी-मॉ’ म्हणतात. बाबांनी ते मला भाषांतर करायला लावलं आणि लगेच हाताने खुणा करून दाखवल्या: पाणी, जॉबर (मुकादम) आला, चल चहाला. बाईंनी त्या खुणा वहीत लिहून घेतल्या. धोटा उडून एकाचा डोळा गेला होता हेही त्यांनी सांगितलं. तेवढं भाषांतर करताना मला जरा वेळ लागला.

यंत्रांवरची ओतीव अक्षरं जरूर वाचा. ओल्डहॅम इथून ट्रामने जाण्याइतकं जवळ. तिथल्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत जायची. बाबांना ते नाव पाठ होतं, गाव कुठे आहे ते माहीत नव्हतं.

आता कापसाची दुसरी बाजू. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि लँकेशरला कापूस मिळेना. इथे गिरणीकामगारांच्या घरी चुली विझल्या, आणि मुंबईत कापसाचे भाव असे चढले की शहरभर शेअरचा जुगार सुरू झाला, जो १८६५ मध्ये बुडाला. वऱ्हाडातला कापूस बंदरावर आणायची घाईही याच काळातली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मँचेस्टरच्या उपाशी कामगारांनी मात्र १८६२च्या अखेरीस सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. लिंकन स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा आहे आणि त्या पत्राचा मजकूर चौथऱ्यावर कोरलाय. डीन्सगेट या मोठ्या रस्त्यापासून दोन मिनिटांवर, पण फारसं कुणी थांबत नाही.

नाटक बघायचंय. कुठलं थिएटर?

वेळ एकाच नाटकाला असेल तर रॉयल एक्स्चेंज. हा कापसाचा बाजार होता. इथले व्यापारी एका प्रचंड दालनात उभ्याउभ्या सौदे करायचे. १९६८ मध्ये सौदे थांबले. १९७६ मध्ये त्याच दालनात पोलाद आणि काचेचं एक गोल थिएटर बसवलं गेलं. बसवलं म्हणजे अक्षरशः: जुन्या जमिनीला भार पेलवला नसता, म्हणून दीडशे टनांचा तो सांगाडा घुमटाच्या चार दगडी खांबांवरून टांगलाय. चंद्रावर उतरलेलं यान एखाद्या देवळाच्या सभामंडपात ठेवावं तसा दिसतो. रंगमंच मधोमध, प्रेक्षक चहूबाजूंनी, साधारण सातशे खुर्च्या. नटाची पाठ कधी ना कधी तुमच्याकडे होणारच, त्याची सवय पाच मिनिटांत होते.

आत शिरलात की वर बघा. भिंतीवर उंच लाकडी फलक आहे आणि शेवटच्या दिवसाचे कापसाचे भाव त्यावर अजून तसेच आहेत. १९९६ मध्ये जवळच बॉम्बस्फोट झाला, इमारतीचं बरंच नुकसान झालं, दोन वर्षं थिएटर बंद राहिलं. पुन्हा उघडलं तेव्हाही फलक जागेवरच होता. नाटक बघायचं नसलं तरी दिवसा सहज आत जाऊन दालन पाहता येतं.

लंडनच्या वेस्ट एंडची मोठी संगीत नाटकं दौऱ्यावर येतात ती पॅलेस आणि ऑपेरा हाउस या दोन जुन्या थिएटरांत, किंवा सॅल्फर्डच्या लाउरीमध्ये. नवं, थोडं डोकं खाजवायला लावणारं काही हवं असेल तर होम. २०१५ मध्ये उघडलेल्या या एकाच इमारतीत दोन नाट्यगृहं, पाच छोटे सिनेमा पडदे आणि एक कलादालन आहे. ‘नॉट जस्ट बॉलिवूड’ या नावाने तिथे भारतीय चित्रपटांचे हंगामही झालेत. आणि २०२३ मध्ये उघडलेलं एविवा स्टुडिओज, जुन्या ग्रॅनडा टीव्ही स्टुडिओच्या आवारात. २००७ पासून दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात होणाऱ्या मँचेस्टर इंटरनॅशनल फेस्टिव्हलचं आता ते घर आहे. इमारत बाहेरून मला तरी गोदामासारखीच वाटते. आतला पसारा मात्र कसाही बदलता येतो, आणि तीच तिची गंमत.

आईबाबांना इथलं इंग्रजी कळत नाही. नाटकाचे पैसे वाया जातील का?

जाणार नाहीत, फक्त प्रयोग नीट निवडा. इथली बरीच थिएटरं प्रत्येक नाटकाचे एक-दोन प्रयोग ‘कॅप्शन्ड’ ठेवतात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बाजूच्या पाटीवर संवाद लिहून येतात. सोय त्यांच्यासाठी असली तरी आपल्या लोकांना ती वरदान आहे, कारण आपल्याला इंग्रजी वाचता येतं, कानाला हे उच्चार पकडता येत नाहीत. इथे ‘बस’चा ‘बुस’ होतो. वेळापत्रकात हे प्रयोग वेगळे दाखवलेले असतात. सिनेमागृहांतही उपशीर्षकांचे खेळ असतात.

मध्यंतराची पूर्वसूचना: बटाटेवडा नाही. इथे मध्यंतरात आइस्क्रीमचे छोटे डबे मिळतात, झाकणातच चमचा. कडाक्याच्या थंडीतही माणसं रांग लावून आइस्क्रीम खातात. तिसरी घंटा होत नाही, ध्वनिक्षेपकावरून सांगतात. उशिरा आलात तर लगेच आत सोडत नाहीत, आणि गयावया करून उपयोग नाही.

पर्यटकाने ग्रंथालयात का जावं?

कारण इथली तीन ग्रंथालयं बघितल्यावर कॅथीड्रल नाही बघितलं तरी चालेल.

डीन्सगेटवरचं जॉन रायलंड्स. कापसाचा मोठा कारखानदार जॉन रायलंड्स १८८८ मध्ये गेला. त्याची पत्नी एनरिकेटा, जन्माने क्यूबातल्या हवानाची, तिने त्याच्या स्मरणार्थ हे बांधलं आणि १ जानेवारी १९०० रोजी लोकांना खुलं केलं. बाहेरून चर्च, आतून चर्चहूनही चर्च: दगडी कमानी, रंगीत काचा, आणि त्या काळात नवलाईची असलेली वीज अगदी पहिल्या दिवसापासून. बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाचा हातात मावेल एवढा एक अतिप्राचीन पपायरसचा तुकडा इथल्या संग्रहात आहे. मला स्वतःला पुस्तकांपेक्षा तिथला अंधार आवडतो.

चेटम्स ग्रंथालय १६५३ पासून वाचकांना खुलं आहे. इंग्रजी भाषक जगातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय. १८४५च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स एका खिडकीपाशी बसून वाचायचे. ते टेबल अजून आहे, त्यांनी चाळलेल्या पुस्तकांच्या प्रतींसकट. एंगल्स इथे वडिलांच्या सूतगिरणीच्या कामासाठी राहिला होता, म्हणजे पुन्हा कापूसच. इथे मात्र तिकीट काढून मार्गदर्शकाबरोबर जावं लागतं, आणि आधी नोंदणी करावी. गिरणगावात लाल झेंड्याखाली वाढलेल्या कुणाला आणत असाल तर त्या खिडकीपाशी थोडा वेळ एकटं सोडा.

तिसरं, सेंट पीटर्स स्क्वेअरचं गोल सेंट्रल लायब्ररी, १९३४चं. वरच्या वाचनालयात घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून हळूच टिचकी वाजवा आणि ऐका. मग पळा, कारण लोक अभ्यास करत असतात. याच इमारतीत संगीताचं वेगळं ग्रंथालय आहे, तिथे पियानो कुणालाही वाजवता येतो.

मुलं लहान आहेत, चित्रांना कंटाळतील.

थेट ऑक्सफर्ड रोडवर मँचेस्टर म्युझियम. डायनासोर आहे, जिवंत बेडूक आहेत, ममी आहेत. पण मुलांना दाखवा तो ‘महाराजा’ नावाच्या हत्तीचा सांगाडा.

१८७२ मध्ये एडिंबरामध्ये एका फिरत्या प्राणिप्रदर्शनाचा लिलाव झाला. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू प्राणिसंग्रहालयाने हा आशियाई हत्ती ६८० पाऊंडांना विकत घेतला. आगगाडीच्या डब्यात चढवला, तर त्याने डबाच फोडला. शेवटी माहूत लोरेन्झो लॉरेन्स आणि महाराजा दोघं चालत निघाले, एडिंबरा ते मँचेस्टर, दहा दिवस. वाटेत टोलनाक्यावर हत्तीचा टोल किती यावरून वाद झाला आणि त्याने नाकाच उखडला अशी गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, त्यावरचं हेवूड हार्डीचं चित्र मँचेस्टर आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे. दहा वर्षांनी महाराजा गेला, आणि त्याचा सांगाडा आज काचेपलीकडे उभा आहे. माझ्या भाचीने विचारलं होतं, ‘मावशी, त्याला मराठी येत होतं का?’

त्याच म्युझियममध्ये २०२३ पासून ब्रिटिश म्युझियमच्या भागीदारीत दक्षिण आशिया दालन आहे. इथल्याच दक्षिण आशियाई वंशाच्या तीसेक लोकांनी मिळून ते मांडलंय. म्हणून सिंधू संस्कृतीच्या वस्तूंपासून ते बांगलादेशातून आणून रंगवलेल्या सायकलरिक्षापर्यंत सगळं एका घरातल्यासारखं लागतं. फाळणीच्या भागापाशी वडीलधारी माणसं गप्प होतात. मराठी असं फार काही नाही, तो माझा रुसवा आहे.

लाउरी म्हणजे थिएटर की माणूस?

दोन्ही. एल. एस. लाउरी, १८८७ ते १९७६. निवृत्तीपर्यंत घरभाडं गोळा करायची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. चित्रांत गिरण्यांची धुराडी, पांढुरकं आभाळ आणि काडीसारखी पुढे वाकून चालणारी शेकडो माणसं. भोंगा झाला आणि पाळी सुटली, हे ज्याने पाहिलंय त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या नावाची इमारत २००० मध्ये सॅल्फर्ड क्वेजवर उघडली. आत त्याच्या सुमारे चारशे कलाकृतींचा संग्रह आहे. फुटबॉलच्या सामन्याला निघालेल्या गर्दीचं ‘गोइंग टू द मॅच’ या संस्थेने २०२२ मध्ये लिलावात ७८ लाख पाऊंडांना राखलं. नाही तर ते एखाद्याच्या दिवाणखान्यात गेलं असतं.

ट्रामने मीडियासिटीला उतरा. पूल ओलांडला की डॅनियल लिबेस्किंडने आखलेलं युद्ध संग्रहालय. तिथल्या जमिनी मुद्दाम तिरप्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी जपून.

गाणंबजावणं? ओएसिस सोडून काही आहे का?

ओएसिस, म्हणजे इथला लाडका रॉक बँड, सोडायचा म्हणता! २०२५च्या जुलैत त्यातले दोघे भाऊ हीटन पार्कात पुन्हा एकत्र गायले, तेव्हा आमच्या ट्राममध्ये तीन दिवस उभं राहायला जागा नव्हती.

बरं, सोडू. १८५८ मध्ये चार्ल्स हाले या जर्मन पियानोवादकाने इथे वाद्यवृंद सुरू केला. तो हाले ऑर्केस्ट्रा अजून वाजतोय. पूर्वी फ्री ट्रेड हॉलमध्ये असायचा. १९९६ पासून ब्रिजवॉटर हॉलमध्ये. हा हॉल शेकडो स्प्रिंगांवर उभा आहे, कारण शेजारून ट्राम जाते. पहिल्यांदा गेलात तर सूर लागायच्या आधीची शांतता ऐका: बाहेर ट्राम, आत काहीही नाही. सगळ्यात मागची तिकिटं स्वस्त असतात आणि आवाज तिथेही उत्तम. पाश्चात्त्य संगीत कळत नाही म्हणून बिचकू नका, आपल्याकडेही सवाईला बसलेल्या सगळ्यांना राग ओळखता येतोच असं नाही.

जुना फ्री ट्रेड हॉल आता हॉटेल आहे, दर्शनी भिंत तेवढी राखली. पीटरलूचं हत्याकांड झालं ती हीच जागा: १६ ऑगस्ट १८१९ रोजी इथल्या मैदानात मताधिकार मागायला जमलेल्या लोकांवर घोडेस्वार घातले गेले. याच इमारतीत १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. तिकिटं थोडीच खपली, पण आलेल्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे बँड काढले. जॉय डिव्हिजन हा बँड, फॅक्टरी रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी, १९८२चा हासिएंडा क्लब असा तो वंशवेल. हासिएंडाच्या जागी आता फ्लॅट आहेत, नाव तेवढं ठेवलंय.

छोट्या मैफलींसाठी बँड ऑन द वॉल नावाचं ठिकाण आणि रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिकचे विद्यार्थी. हिंदुस्थानी शास्त्रीय ऐकायचं तर कधीकधी लिव्हरपूल गाठावं लागतं.

फुटबॉल कळत नाही, क्रिकेट चालेल का?

चालेल म्हणजे! ओल्ड ट्रॅफर्ड दोन आहेत, एक फुटबॉलचं आणि एक क्रिकेटचं, एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. ओल्ड ट्रॅफर्ड नावाचा ट्रामथांबा क्रिकेटच्या मैदानाला अगदी चिकटून आहे.

मराठी माणसाने तिथे काय आठवावं? १९३६, विजय मर्चंट ११४, मुश्ताक अली ११२, सलामीला २०३. १९५२, आपण एकाच दिवसात दोनदा बाद, ५८ आणि ८२, हेही आठवावं. १९७४, गावसकर १०१. १९८२, संदीप पाटील नाबाद १२९ आणि बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात याच मैदानावर पुन्हा पाटील, नाबाद ५१. आणि १४ ऑगस्ट १९९०: सतरा वर्षांचा सचिन, नाबाद ११९, पहिलं कसोटी शतक. २०१९चा तो धावबाद आठवायचा नाही असं आमच्या घरात ठरलंय. दादरच्या फारुख इंजिनिअरांनी लँकेशरसाठी १९६८ ते ७६ खेळून लोकांना असा जीव लावला की २०२५ मध्ये इथल्या स्टँडला क्लाइव्ह लॉइडबरोबर त्यांचं नाव दिलं.

फुटबॉलच्या दोन्ही मैदानांच्या (युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड आणि सिटीचं एतिहाद) सहली सशुल्क आहेत. नातवंडं सोबत असतील तर पर्याय नाही. तुम्ही मात्र ओल्ड ट्रॅफर्डवरचं, युनायटेडचे खेळाडू गेले त्या १९५८च्या म्यूनिक विमान अपघाताच्या आठवणीतलं घड्याळ बघून या.

तिकिटं कुठून काढायची?

थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. पहिल्या वर्षी मी घाईत एका पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून चार तिकिटं घेतली. दुपटीहून जास्त पैसे गेले, आणि दाराशी कळलं की खिडकीवर मूळ दरात खुर्च्या शिल्लक होत्या. नवऱ्याने तो विषय अजून सोडलेला नाही. आठवड्यातली दुपारची तिकिटं स्वस्त पडतात, विद्यार्थी आणि ज्येष्ठांना बहुधा सवलत असते. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, तेव्हा विचारा.

फिरायचं कसं, आणि पाऊस?

शहराचा मधला भाग पायी होतो. तिथे दोन मोफत बसमार्गही आहेत. बाकी पिवळ्या ट्राम: फलाटावरच्या यंत्राला बँकेचं कार्ड चढताना लावायचं आणि उतरल्यावरही. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापतात. दोघांना एक कार्ड चालत नाही.

पाऊस धो-धो नसतो, रिपरिप असते, बारा महिने. दमट हवेत सूत तुटत नाही, म्हणून गिरण्यांना हे हवामान मानवलं असं म्हणतात. छत्री आणू नका, वाऱ्याने उलटते. टोपी असलेलं जाकीट आणा.

शाकाहारी जेवण मिळेल का?

उत्तम मिळेल. इंग्लंडातल्या शाकाहारी चळवळीचं एक मूळ शेजारच्या सॅल्फर्डमध्ये आहे. १८०९ मध्ये तिथल्या एका पंथाने मांसाहार सोडायचा नियमच केला होता. रशोम भागातली करी माइल, म्हणजे देशी खाणावळींची रांग, मात्र आता अर्धीअधिक अरबी, इराणी झाली आहे. खमंग खायला जा, पण ‘घरच्यासारखं’ शोधू नका. पोळ्या मी देईन.

आम्ही सोमवारीच येतोय! मग?

सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम आणि सेंट्रल लायब्ररी करा, मग कॅथीड्रलपाशी या. बाहेर गांधीजींचा नऊ फुटी कांस्य पुतळा आहे, २०१९चा, चालत निघालेला. शिल्पकार धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार. गांधीजी १९३१ मध्ये लँकेशरला आले होते, ज्यांच्या कापडावर आपण बहिष्कार घातला होता त्याच गिरणीकामगारांना भेटायला. आदल्याच वर्षी काळबादेवीला विलायती कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू गेला होता. सासऱ्यांना हे सगळं सांगत मी पुतळ्यापाशी उभी होते. त्यांनी ऐकून घेतलं, धोतराच्या घडीकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘पोत चांगलं जमलंय. हातमागाचं वाटतं.’